वय सोळा, कागदावर एकोणीस

मी पोलीस होणार होतो.

हे वाचून काही जण हसतील. ज्यांच्या काठ्या खाल्ल्या, त्यांच्यातच जायचं? होय, जायचं होतं. महाराष्ट्र पोलिसांत, शिपाई म्हणून. आपल्या 865 गावांतल्या मराठी माणसाला 15 वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर महाराष्ट्राच्या भरतीत उतरता येतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. गावागावांत पहाटे पाचला जी पोरं रस्त्यानं पळताना दिसतात, ती हौसेनं पळत नाहीत. कुणाला मराठा लाइट इन्फंट्रीत जायचं असतं, कुणाला पोलिसांत. शेती दीड एकर, घरात खाणारी सहा तोंडं, आणि दुसरीकडं उद्यमबागेतली फाउंड्री. म्हणून पळतात.

मीही तीन वर्षं पळालो. 1600 मीटर, 100 मीटर, गोळाफेक. मैदानी झाली, लेखी झाली, निवड यादीत नाव आलं. त्या दिवशी आईनं अख्ख्या गल्लीत कुंदा वाटला.

मग चारित्र्य पडताळणी आली आणि माझं नाव गेलं. कारण काय, तर मी सोळा वर्षांचा असताना अंगावर पडलेली एक केस.

ही पोस्ट रडगाणं गायला लिहीत नाही. लिहितोय कारण परवा आमच्याच ग्राउंडवर एका पोरानं विचारलं, "दादा, माझ्यावर पण एक केस आहे, बारीक आहे, फॉर्मवर लिहू की नको?" वय सतरा. त्याला उत्तर देताना माझ्या लक्षात आलं की मला हे सगळं सात वर्षं उशिरा कळलं. आणि ते मला ना पोलिसांनी सांगितलं, ना आपल्या पुढाऱ्यांनी.

तर आधी त्या दिवसाचं सांगतो.

1 नोव्हेंबर. काळा दिन. मी पीयुसीच्या पहिल्या वर्षाला होतो. दंडाला काळी फीत बांधून मूक सायकल फेरीत गेलो. फेरी झाली, सभा झाली. परत येताना एका चौकात घोषणा सुरू झाल्या, समोरून पोलीस आले, ढकलाढकली झाली. मी दगड मारला नाही, हात उचलला नाही. घोषणा दिल्या, हे खरं. मोठ्या माणसांबरोबर मलाही गाडीत घातलं.

स्टेशनात टेबलामागच्या माणसानं विचारलं, "वयस्सु एष्टु?" माझ्या शेजारी आपलेच एक कार्यकर्ते बसले होते, वयानं वडिलांएवढे. ते हळूच म्हणाले, "अठराच्या वर सांग रे. सगळ्यांबरोबर जामीन होईल. सोळा म्हणालास तर रिमांड होमला धाडतील." मी घाबरलो आणि "हत्तोंबत्तु" म्हणालो. एकोणीस. टेबलामागच्या माणसानं वर बघितलं. मिशी फुटली नव्हती मला. तरी त्यानं मान खाली घातली आणि लिहिलं, 19.

भावांनो, माझ्या नोकरीचा निकाल त्या एका मिनिटात लागला.

कलमं लागली 143, 147, 341, 353. बेकायदा जमाव, दंगा, रस्ता अडवणं, सरकारी नोकराच्या कामात अडथळा. जामीन झाला. बाहेर हार घातले, फोटो काढले. फोटोखाली लिहिलं, "सीमाभागाचे वाघ". घरी आलो तर बाबा एवढंच म्हणाले, "वाघ झालास, आता तारखेला कोण जाणार?" तारखेला मीच गेलो. सहा वर्षं. पहिल्या दोन तारखांना दहा-बारा कार्यकर्ते होते. तिसऱ्या वर्षी आम्ही तिघं उरलो, आणि फोटो काढायला कुणी नव्हतं.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. जुन्या कोळशागत रखरखीत विषय आहे, पण वाचा. आपल्याला घोषणा पाठ आहेत, कलमं नाहीत.

बाल न्याय कायदा, 2015. अठरा वर्षं पूर्ण न झालेला प्रत्येक जण या कायद्यापुढं बालक. कलम 10 म्हणतं, बालकाला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, 24 तासांत बाल न्याय मंडळापुढं हजर करायचं. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यात किमान एक बाई. कलम 23 म्हणतं, बालकाचं प्रकरण मोठ्यांच्या प्रकरणाबरोबर एकत्र चालवायचं नाही. ज्या गुन्ह्यांना जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे ते या कायद्यात किरकोळ गुन्हे. माझी चारही कलमं त्यात बसतात. आणि कलम 14 म्हणतं, किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवून. तरी संपली नाही तर कार्यवाही आपोआप संपुष्टात येते.

म्हणजे सहा महिने. मी सहा वर्षं तारखा केल्या.

पुढं ऐका. कलम 24: बालक म्हणून ज्याचं प्रकरण या कायद्याखाली चाललं, त्याच्यावर गुन्हा सिद्ध झाला तरी त्या शिक्षेमुळं येणारी कुठलीही अपात्रता त्याला चिकटत नाही. नोंदीही ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करायच्या. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत ही मुदत अपिलाचा काळ किंवा सात वर्षं अशी आहे, त्याहून जास्त नाही. कायद्याच्या सुरुवातीलाच, कलम 3 मध्ये, नव्यानं सुरुवात करू देण्याचं तत्त्व लिहून ठेवलंय: बालकाच्या जुन्या नोंदी पुसल्या जाव्यात, खास परिस्थिती सोडून.

आणि कलम 74, पोटकलम 2. हे तर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. प्रकरण चालू असो, बंद झालेलं असो किंवा निकाली निघालेलं असो, पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी किंवा इतर कशासाठीही त्या बालकाची नोंद उघड करायची नाही. केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

इतकं सगळं कायद्यात आहे. मग मी फाउंड्रीत काय करतोय?

कारण हे कवच बालकाला आहे, आणि कागदावर मी बालक नव्हतो. एकोणीस वर्षांचा आरोपी होतो. माझी केस मोठ्यांबरोबर साध्या कोर्टात चालली. निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरायचा असतो. त्यात विचारतात: तुम्हाला कधी अटक झाली होती का, तुमच्यावर खटला चालू आहे का. मी परत त्याच लोकांना विचारायला गेलो. उत्तर आलं, "राजकीय केस आहे, ती कोण मोजतं? नाही म्हणून लिही." मी "नाही" लिहिलं. ही माझी चूक, ती मी कुणावर ढकलत नाही.

पडताळणीचा कागद कुठं जातो? तुम्ही राहता तिथल्या पोलिसांकडं. म्हणजे भरती महाराष्ट्राची, आणि माझ्या चारित्र्याबद्दल लिहिणार तेच स्टेशन, ज्यानं मला गाडीत घातलं होतं. त्यांनी लिहिलं: गुन्हा दाखल, खटला प्रलंबित. महाराष्ट्रातून पत्र आलं: माहिती दडवली, म्हणून निवड रद्द.

खानापूरच्या एका वकीलबाईंकडं कागद घेऊन गेलो. त्यांनी एफआयआर वाचला, माझं एसएसएलसीचं मार्क्स कार्ड मागितलं, जन्मतारीख बघितली, बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "अरे, तू तर त्या दिवशी सोळा वर्षांचा होतास. इतकी वर्षं कुणी बोललं नाही?" कुणीच नाही. ज्या वकिलाला आमच्या सगळ्यांसाठी म्हणून दिलं होतं, त्यानं माझं कार्ड कधी मागितलंच नव्हतं.

वय ठरवायला कलम 94 आहे. पहिला पुरावा शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिका-पंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तेव्हाच वैद्यकीय तपासणी. आणि कलम 9 प्रमाणं अल्पवयीन असल्याचा दावा कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टप्प्यावर करता येतो, निकाल लागून गेला असला तरी. आम्ही अर्ज केला. कोर्टानं कार्ड बघून प्रकरण मंडळाकडं पाठवलं, मंडळानं कार्यवाही बंद केली. सहा वर्षं जे लोंबकळलं होतं ते एका मार्क्स कार्डानं संपलं. पण तोवर भरतीची यादी बंद होऊन आठ महिने झाले होते.

आता दोष कुणाचा, हे नीट बोलू. पोलिसांना शिव्या घातल्या की लाइक्स मिळतात. तेवढ्यानं भागत नाही.

पोलिसांचा दोष आहेच. समोर मिशी न फुटलेलं पोरगं बसलंय, ते एकोणीस म्हणतंय, तर दाखला मागायला काय अडचण होती? प्रत्येक स्टेशनात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असायला हवा, असं हाच कायदा सांगतो. त्या रात्री असा कुणी माझ्याशी बोलला नाही. आणि आजही कागदावर बंद झालेल्या केसची नोंद कॉम्प्युटरमधून निघते का, हा प्रश्न आहेच. कागद जाळता येतो. सीसीटीएनएसमध्ये गेलेलं नाव कोण पुसणार? मागितल्याशिवाय कुणी पुसत नाही, हा माझा अनुभव.

पण जास्त राग मला आपल्या माणसांचा येतो, आणि इथं काही जण मला अनफॉलो करतील.

आपली एक घोषणा आहे, "रहेंगे तो महाराष्ट्र में, नहीं तो जेल में." ती मीही दिली. माझ्या काकांनी 1986 ला कन्नडसक्तीच्या विरोधात तुरुंग बघितला, त्याचा मला अभिमान आहे. पण काका तेव्हा तीस वर्षांचे होते. शेती होती, लग्न झालेलं होतं, आणि त्यांच्या चारित्र्याचा दाखला कुणी मागणार नव्हतं. जेल में म्हणणारा पन्नाशीचा आणि आत जाणारा सोळाचा, हा कुठला न्याय? मोर्चात आम्हाला पुढं ठेवता, कारण आमचा आवाज मोठा आणि फोटो बरा येतो. ठीक आहे. मग स्टेशनात आमच्या शेजारी बसलेल्या माणसाला कायद्याची एक ओळ माहीत नसावी? "रिमांड होमला धाडतील" ही भीती घालून पोराचं वय वाढवणारा माणूस वाईट नव्हता. त्याला मला वाचवायचं होतं. पण त्याच्या अडाणी मायेनं माझं एकमेव कवच काढून घेतलं.

आणखी एक. मोठ्यांबरोबर मिळून गुन्हा केल्याचा आरोप असेल तर बालकावरही एफआयआर होतो. एरवी किरकोळ प्रकरणात पोलिसांनी डायरीत नोंद करून मंडळाला कळवायचं असतं, एफआयआर नाही. हे त्याच 2016 च्या नियमांत आहे. म्हणजे तुम्ही आम्हाला गर्दीत बरोबर घेता, तिथंच आमचा एफआयआर तयार होतो. हे माहीत असूनही पोरं पुढं करायची असतील, तर किमान जबाबदारी घ्या.

आणि फोटो. कलम 74 फक्त पोलिसांना लागू नाही. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या बालकाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो कुणीच छापायचं नाही, कुठल्याही माध्यमात. वर्तमानपत्रात नाही आणि मोबाईलवरही नाही. "आमच्या गावचे हे तीन वाघ अटकेत" म्हणून गावाच्या नावासकट पोस्ट टाकणारे आपणच आहोत. या पेजलाही मी हे सांगितलंय. जुन्या पोस्ट काढा. सीमाप्रश्नाचा खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो निकाली निघेल तेव्हा निघेल. पण त्या पोराच्या पडताळणीच्या वेळी तुमची पोस्ट कुणीतरी शोधून काढेल, हे आजच होऊ शकतं.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. लोक म्हणतात, पोलीस खातं म्हणजे काय धर्मशाळा आहे? गुन्हा अंगावर असलेल्याच्या हातात काठी आणि अधिकार द्यायचा? हा मुद्दा मी झटकत नाही. मलाही गुंड पोलीस नको आहे, आपण तर ते भोगलंय. सर्वोच्च न्यायालयानंही वेळोवेळी म्हटलंय की पोलीस भरतीत चारित्र्याची चाळणी कडक असू शकते, निर्दोष सुटलेल्याचंही खातं तपासू शकतं. पण हे मोठ्यांबद्दल. बालकांबद्दल संसदेनं विचार करून वेगळी रेषा ओढली आहे. 2012 च्या दिल्लीच्या घटनेनंतर देशात केवढा गदारोळ झाला आणि त्यातून 2015 चा कायदा आला, तोही कडक होऊन. सोळा ते अठरा वयाच्या मुलानं घोर गुन्हा केला आणि बाल न्यायालयानं त्याला मोठ्यांप्रमाणं दोषी धरलं, तर त्याला कलम 24 ची सूट नाही, त्याच्या नोंदीही ठेवतात. म्हणजे चाळणी कायद्यातच आहे. खून-बलात्कार वर राहतो, घोषणा खाली पडते. ज्यांनी घोषणेला खुनाच्या रांगेत बसवलं ते कायदा कडक करत नाहीत, मोडतात.

आणि न्यायालयांनीही हे ओळखलंय. 2016 च्या अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयानं नियम घालून दिले. फॉर्ममध्ये माहिती खरीच द्यायची, हे पहिलं. पण लपवलेली गोष्ट क्षुल्लक असेल तर नेमणूक करणाऱ्यानं ती माफ करता येते, आणि उदाहरण काय दिलंय माहीत आहे? तरुण वयात घोषणा देणं. आपल्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. 2019 मध्ये त्याच न्यायालयानं केंद्रीय सशस्त्र पोलीस दलात निवड झालेल्या एका उमेदवाराच्या बाजूनं निकाल दिला, कारण त्याच्यावरचा आरोप तो अल्पवयीन असतानाचा होता. त्याचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. ज्या गोष्टीसाठी भांडतोय ती आपणच मोडायची नाही.

तेव्हा ग्राउंडवरच्या त्या पोराला मी जे सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो.

एक. अठराच्या आत असाल तर वय खरं सांगा. वाढवून कधीच नाही, कुणीही कानात काहीही सांगो. दहावीच्या मार्क्स कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये आणि झेरॉक्स घरात असू दे. "मी अल्पवयीन आहे, मला बाल न्याय मंडळापुढं न्या," हे वाक्य मराठीत, कन्नडमध्ये, दोन्हीत पाठ करा.

दोन. कन्नडमधला कागद कळला नाही तर सही करू नका, वाचून दाखवायला सांगा. मला कन्नड वाचता येतं, शाळेत शिकलोय. पण पंचनाम्याची भाषा वेगळी असते. लाजायचं काही नाही.

तीन. जुनी केस असेल आणि त्या दिवशी तुम्ही अठराच्या आत असाल, तर आजच वकिलाकडं जा. दावा केव्हाही करता येतो म्हणून भरतीची जाहिरात निघायची वाट बघू नका. मंडळाचा आदेश हातात आला की त्याची प्रत अर्जासोबत पोलीस अधीक्षक कार्यालयात द्या, पोच घ्या, नोंद काढायला सांगा.

चार. साक्षांकन नमुन्यात खोटं लिहू नका. माझी केस मला नडली त्याहून माझं "नाही" जास्त नडलं. केस बालकाची असेल तर वकिलाच्या सल्ल्यानं, आदेशाची प्रत जोडून, काय होतं ते स्पष्ट लिहा. कायदा तुमच्या बाजूनं आहे, मग लपता कशाला?

पाच, आणि हे पुढाऱ्यांसाठी. प्रत्येक मोर्चाला एक वकील ठरवून ठेवा, जो स्टेशनात पहिल्या तासात पोचेल आणि पहिला प्रश्न विचारेल: यातली अठराच्या आतली पोरं कुठली? तेवढं जमत नसेल तर अठराच्या आतल्यांना मोर्चाच्या पुढं उभं करू नका. मागं राहून घोषणा दिली म्हणून कुणाची मराठी कमी होत नाही. येळ्ळूरच्या 2014 च्या फलक प्रकरणातल्या माणसांनी किती वर्षं तारखा केल्या ते तुम्ही बघितलंय. ते ओझं मोठ्यांनी उचललं. पोरांच्या खांद्यावर नको.

मी आज पंचवीस वर्षांचा आहे. खुल्या गटाला अठ्ठावीसपर्यंत मुभा आहे. फेरविचाराचा अर्ज पाठवलाय, उत्तर आलेलं नाही. पहाटे पाचला अजून पळतो, मग सातच्या पाळीला फाउंड्रीत जातो. पुढच्या भरतीत तोच नमुना परत समोर येईल. या वेळी मी "होय" लिहिणार आहे, खाली मंडळाच्या आदेशाचा क्रमांक लिहिणार आहे, आणि माझी खरी जन्मतारीख.

काळ्या दिनाला यंदाही जाणार आहे. काळी फीत बांधून, सायकलवरून. पण त्या सतरा वर्षांच्या पोराला बरोबर घेऊन जायचं की नाही, हे मी ठरवणार नाही. त्याच्या घरी जाऊन त्याच्या आई-बाबांशी बोलणार आहे. आणि तो आलाच, तर त्याच्या खिशात मार्क्स कार्ड आहे का, हे सायकलवर बसण्याआधी बघणार आहे.

तुमच्या गावात असं पोरगं असेल तर आज संध्याकाळीच त्याच्याशी बोला.

जय महाराष्ट्र.